धुळीएवढं बी आणि पंख्याचं बटण

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की माझ्या गॅलरीतले सगळे बिगोनिया मी घरीच बियांपासून वाढवलेत. त्यावर इतकी पत्रं आली की हा महिना बिगोनियाला देते. गुलाबवाल्यांनी जरा दम धरावा, कळ्या गळण्याचं पुढच्या खेपेला बघू.

नवीन वाचकांसाठी माझी ओळख एका ओळीत. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं छापलेल्या कागदातली खोट शोधायचं काम केलं. निवृत्तीनंतरही डोळ्यांची खोड गेली नाही. रविवार कारंज्याजवळून दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलं आणि नोटांच्या जागी बिया बघायला लागले.

ताई, मी तीनदा बिगोनियाचं बी लावलं आणि तिन्ही वेळा वाया गेलं. पाकिटात कॉफीच्या बरणीच्या तळाशी उरते तशी चिमूटभर पूड होती. कुंडीत शेणखताची चांगली माती भरली, बी टाकलं, वरून बोटभर माती पसरली, झारीनं पाणी दिलं. वीस-वीस दिवस वाट पाहिली. दुकानदारानं फसवलं का? (इंदिरानगर)

दुकानदाराला सोडा हो. बोटभर माती पडली त्याच दिवशी तुमचं बी संपलं. बिगोनियाच्या बियाला उगवायला उजेड लागतो. वालाचा दाणा आपण खुशाल खाली पुरतो, कारण त्याच्या पोटात चार दिवसांची शिदोरी असते. बिगोनियाच्या एका ग्रॅममध्ये साठ-सत्तर हजार बिया बसतात. एवढ्याशा जिवाच्या पदरात कसली शिदोरी असणार? त्यातून झारीचा मारा बसला की उरलंसुरलं तळाला जातं.

माझी पहिली पेरणी तर मातीपर्यंत पोचलीच नाही. मे महिना होता, लाईट गेलेली. म्हटलं, वारा नाही, बरी वेळ आहे. जेवणाच्या टेबलावर कागद उघडला, भिंग लावलं, आणि तेवढ्यात लाईट आली. पंख्याचं बटण चालूच होतं. समोर कोरा कागद. सहा-सात महिन्यांनी खिडकीतल्या मनीप्लांटच्या कुंडीत एक अनोळखी रोपटं दिसलं, पान एका बाजूला कललेलं. बिगोनियाचं पान असंच असतं, देठाच्या एका बाजूला भारी आणि दुसरीला तोकडं. अख्ख्या पुडीतलं ते एकच वाचलं होतं.

तर आता नीट सांगते. द्राक्षं येतात ना, ते झाकणाचं पारदर्शक पनेट घ्या. नाशिकमध्ये ते विकत आणावं लागू नये. तळाची भोकं तशीच ठेवा, तिथून पाणी वर चढेल. झाकणाच्या भोकांवर चिकटपट्टी लावा. धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मैद्याच्या चाळणीनं चाळा. धुतलेलं म्हणजे पिळून, पाणी फेकून, पुन्हा भिजवलेलं, कारण विटेसारख्या दाबलेल्या कोकोपीटमध्ये मीठ असतं आणि कोवळ्या मुळांना ते भाजतं. चार वाट्या कोकोपीटला एक वाटी परलाइट, म्हणजे मिश्रण भुसभुशीत ठेवणारे पांढरे, हलके दाणे. शेणखत नको, गांडूळखत नको, बागेतली माती तर नकोच. त्यात बुरशी येते आणि चिलटंही येतात. मिश्रण पनेटमध्ये दोन बोटं भरा, वरून उकळतं पाणी ओता, झाकण लावा आणि रात्रभर निवू द्या.

सकाळी पंखा बंद करा. बटण बंद आहे का ते वर बघून खात्री करा, मग पुडी उघडा. जाड कागदाला मधोमध घडी घाला, त्या पन्हळीत बी घ्या आणि पनेटवर धरून बोटानं टिचक्या मारा. चिमटीनं टाकायला जाल तर एकाच जागी दोनशे पडतील. वर काही पसरायचं नाही. दाबायचंही नाही. झाकण लावा आणि ताटलीत अर्धा इंच पाणी घालून पनेट त्यात ठेवा. वरचा थर ओला, गडद दिसला की उचलून घ्या. यापुढे पाणी नेहमी असं खालूनच.

पाकिटातलं बी खसखशीसारखं गोल, रंगीत आणि गुळगुळीत असेल तर ते गोळी केलेलं बी आहे. हाताला सापडावं म्हणून कंपनीनं त्यावर लेप चढवलेला असतो. तो लेप पूर्ण विरघळायला हवा, म्हणून पहिले दोन दिवस वरून बारीक फवारा द्या. अर्धवट भिजून पुन्हा वाळलं तर आतलं बी लेपातच अडकतं.

पनेट उत्तरेच्या खिडकीत ठेवा. भरपूर उजेड हवा, ऊन नको. झाकणाच्या पनेटवर पंधरा मिनिटं ऊन पडलं तरी आतली बाळं शिजतात. मी एकदा शिजवली आहेत.

पेरायचं कधी, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खरं दुखणं तिथेही आहे. या बियाला एकवीस ते पंचवीस अंशांची ऊब लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कुरडया वाळवण्याइतकी कोरडी असते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दहाच्याही खाली जातात. मग उरतो पावसाळा. मृगाची घाई करू नका. आर्द्रा लागलं, गंगापूर धरणाकडून ढग यायला लागले आणि घरातलं मीठ पाझरायला लागलं की पेरा. जूनअखेरीस पेरलेली रोपं थंडी येईपर्यंत अंगानं भरतात आणि पुढचा उन्हाळा सोसतात. ऑक्टोबरात पेरलेली थंडीत अडकून बसतात.

दहाव्या दिवसापासून भिंग घेऊन बघा. दोन-तीन आठवडे लागतात. आधी काळ्या मातीवर हिरवी बुरशी आल्यासारखं वाटेल. पुसून टाकू नका! माझ्या बहिणीनं पुसली होती. ती टाचणीच्या डोक्याएवढी दोन-दोन दलं असतात. महिनाभरात पहिलं खरं पान येतं, दातेरी कडेचं. झाकण एकदम काढायचं नाही. सातव्या आठवड्याच्या सुमारास तीन-चार पानं झाली की टूथपिकनं मुळासकट उचलून वेगळी करा. पानाला धरा, देठाला नको. पान तुटलं तर नवं येतं, देठ चेपला की रोप गेलं.

मध्येच चार रोपं कमरेतून वाकून आडवी झालेली दिसली तर ती मर आहे. तेवढा भाग चमच्यानं मातीसकट काढून फेका आणि झाकण दिवसातून तासभर उघडं ठेवा. सगळ्यांवर औषध शिंपडत बसू नका.

काकू, मी अकरावीत आहे. आमच्या आजीकडे उंच वाढणारा, लाल फुलांचा बिगोनिया आहे. मला त्याचं बी जमवायचं आहे, पण फुलं नुसती गळून पडतात. काही वेळा पाकळ्या मिटलेली फुलं मिळाली, त्यात बी नव्हतं. (पाथर्डी फाटा)

शाबास. तू गळलेली फुलं उघडून पाहिलीस म्हणून तुला सगळं सांगते.

बिगोनियाच्या एकाच झाडावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी असतात. एखादा घोस हातात घे आणि फूल उलटं कर. पाकळ्यांच्या मागे, देठाच्या टोकाला तीन पंखांचं हिरवं-लाल बोंड दिसलं तर ती मादी. मागे नुसताच देठ असेल तर नर. समोरून बघशील तर फसशील. मादीच्या मधोमधही पिवळीधमक, पिळदार नक्षी असते, ती लांबून पुंकेसरासारखीच दिसते. मधमाशीही तिथेच फसते. नर फुलात परागाची मेजवानी मिळते, त्याच आशेनं ती मादी फुलावर जाते. तिथे खायला काहीच नसतं, पण फुलाचं काम होऊन जातं.

तुझी अडचण अशी आहे की एका घोसात नर फुलं आधी उमलतात आणि गळून गेल्यावर मादी उमलतात. तू वेचलीस ती नर फुलं. आणि आजीची गॅलरी जाळीबंद असेल तर मधमाशीही आत येत नसेल. मग हे काम तुलाच करायला हवं.

पाऊस नसलेला दिवस धर, सकाळी नऊ-दहाची वेळ. मादी उमलली आहे असा घोस निवड आणि दुसऱ्या, नव्या घोसातलं पूर्ण उघडलेलं नर फूल देठासकट खुड. त्याच्या पाकळ्या मागे दुमडून धर, म्हणजे पिवळा गुच्छ ब्रशासारखा पुढे येईल. आधी काळ्या कागदावर झटकून बघ. पिवळी पूड पडली तर पराग तयार आहे, नाही पडली तर दुसरं फूल घे. मग तो गुच्छ मादीच्या पिळदार नक्षीवर सगळीकडून हलकेच फिरव. पिळाच्या खाचांतही लागू दे. देठाला शिवणाचा दोरा बांध आणि वहीत तारीख लिही. दोरा बांधला नाहीस तर आठवड्यानं कोणतं फूल ते तुला आठवणार नाही. मला आठवत नाही, आणि मी एकतीस वर्षं आकडे लक्षात ठेवलेत.

जमलं असेल तर पाकळ्या गळतील पण बोंड देठावर राहील आणि फुगेल. नसेल जमलं तर बोंडासकट सगळं पिवळं होऊन पडेल. पडलं तर पुन्हा कर. एका झाडावर दोन-तीनच बोंडं ठेव, आजीच्या झाडाचा जीव काढू नकोस. साधारण महिना ते दोन महिने लागतात. पंख तपकिरी, कागदासारखे झाले आणि देठ वाळला की कापून घे. एक दिवस उशीर केलास तर बोंड उकलतं आणि बी उडून जातं. कागदाच्या पाकिटात आठ-दहा दिवस ठेव. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरून बुरसेल.

मग पांढऱ्या कागदावर बोंड चुरगळ. बी आणि भुसा एकत्र पडेल आणि दोन्ही धुळीसारखेच दिसतील. आता कागद जरा तिरका धर आणि खालून टिचक्या मार. सुपात धान्य पाखडताना आई करते तीच युक्ती, फक्त श्वास रोखून. गोलसर बी घरंगळत पुढे येतं, चपटा भुसा मागे चिकटून राहतो. तीन-चारदा केलंस की खाली तपकिरी, स्वच्छ बी उरेल. कॉलेजात सूक्ष्मदर्शक असेल तर त्याखाली एक बी ठेवच. पिंपासारखा आकार, अंगावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी आणि एका टोकाला इवलंसं झाकण. उगवताना ते झाकण उघडतं आणि रोप बाहेर येतं.

थोडं बी लगेच पेर. बाकीचं कागदाच्या पुडीत, पुडी घट्ट झाकणाच्या डबीत, डबीत पाणी शोषणारी सिलिकाची पुडी, आणि डबी फ्रिजच्या दारात. आजीला सांगून ठेव. आमच्याकडे एकदा असली डबी ओवा समजून फोडणीपर्यंत गेली होती.

आमची द्राक्षबाग आहे. घराच्या ओट्यावर बायकोचे बिगोनिया आहेत. थंडीत पानांवर पांढरी भुरी आली. बागेतलीच भुरी इकडे आली का? बागेसाठी आणलेलं गंधक मारू का? (मखमलाबाद)

भाऊ, भुरी तुम्ही मला शिकवावी. पण एवढं सांगते, वेलीवरची भुरी आणि बिगोनियावरची भुरी या वेगवेगळ्या बुरशी आहेत, एकीची दुसरीवर जात नाही. वहिनींच्या झाडांवर तुमच्या बागेचा आळ नाही. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवल्या असतील, त्या वीतभर लांब करा. भुरीची पानं खुडून जाळा. गंधक बागेच्या मापानं मारू नका, बिगोनियाचं पान पाणीदार असतं, करपतं. मारायचंच असेल तर निम्म्या मापानं, एका पानावर, आणि चार दिवस थांबून बघा. बाकी ओटा तुमचा असला तरी कुंड्या त्यांच्या आहेत, विचारून मारा.

हरिहर गडावर पावसात गेलो होतो. वाटेत ओल्या कातळावर गुलाबी फुलांची नाजूक झाडं होती, पानं वाकडी. मित्र म्हणाला रानटी बिगोनिया. दोन उपटून आणली. गणपतीपर्यंत छान होती, दिवाळीत पिवळी पडून मेली. खत कमी पडलं का? (सातपूर)

वर्णनावरून तो बिगोनिया क्रेनाटा असावा. सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर आणि शेवाळलेल्या खोडांवर पावसाळ्यात उगवतो. तो मेला नव्हता, झोपला होता. पाऊस सरला की वरचं सगळं वाळतं आणि वाटाण्याएवढा कंद कातळाच्या खाचेत पुढच्या जूनची वाट बघत पडून राहतो. कुंडी अजून तशीच असेल तर पावसाच्या तोंडावर ओली करून बघा. फेकली असेल तर काय बोलणार.

पण रागावणार आहेच. वनखात्याच्या हद्दीतून झाड उपटणं कायद्यात बसत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी त्या दोन झाडांनी त्या कातळावर हजारो बिया सांडल्या असत्या. शेजारच्या अंजनेरीवर सेरोपेजिया अंजनेरिका नावाची वनस्पती आहे, २००६ साली शास्त्रज्ञांनी तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. तोवर तिच्यावर पाय देऊन किती जण गड चढून गेले असतील! आपल्या डोंगरात आपल्याला नाव माहीत नसलेलं बरंच काही आहे. तुम्ही फोटो काढा, गुडघे टेकून काढा. कुंडीत लावायला बाजारात शंभर तऱ्हेचे बिगोनिया आहेत.

मुलगी अमेरिकेत असते. तिथल्या एका संस्थेकडून बिगोनियाच्या दुर्मीळ जातींचं बी मिळतं म्हणे. पाकिटात घालून पाठव म्हणू का? (कॉलेज रोड)

म्हणू नका. संस्था खरी आहे. अमेरिकन बिगोनिया सोसायटी १९३२ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली आणि सभासदांनी जमवलेलं बी वाटण्याची त्यांची जुनी पद्धत आहे. पण आपल्याकडे बी आणायचं तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो आणि तिकडचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्रही लागतं. वाढदिवसाच्या कार्डात घालून आलेल्या बियाबरोबर कोणता रोग येईल ते भिंगातूनही दिसत नाही. लेकीला म्हणावं, चॉकलेट पाठव.

मी पांढऱ्या ठिपक्यांच्या बिगोनियाचं बी स्वतः पेरलं. एकोणीस रोपं जगली. फक्त चारांवर ठिपके आहेत, दोन तर साधी हिरवी. एक मात्र फार सुंदर आहे, पानामागे गर्द लाल. बी भेसळीचं होतं का? आणि त्या एकाला नाव देता येईल का? (गंगापूर रोड)

बी तुमच्याच झाडाचं, मग भेसळ कोण करणार? रोपवाटिकेतला बहुतेक बिगोनिया संकरित असतो. त्याचं बी म्हणजे सात पिढ्यांच्या नातेवाइकांचं लग्नघर, कोणाचं नाक कोणावर जाईल सांगता येत नाही. रानात जशी वाढते तशी मूळ जात असेल आणि तिचेच पराग तिला लावले असतील तर पोरं आईवर जातात. तुम्हाला ठिपकेवाली जशीच्या तशी हवी असेल तर फांदी लावा. रेक्स, म्हणजे रंगीत पानांचा बिगोनिया, असेल तर नुसतं पान लावलं तरी रोप येतं. आजचे रंगीत रेक्स निघाले तेही असल्याच सरमिसळीतून. मूळची बिगोनिया रेक्स ही आपल्या आसामची, १८५० च्या दशकात ऑर्किडांबरोबर चुकून युरोपात गेली आणि तिथल्या माळ्यांनी तिचे संकर करून पानांवर रंगपंचमी केली.

त्या लाल पाठीच्या रोपाची फांदी लगेच लावा. आजच. एकुलतं एक रोप मेलं तर ते पुन्हा होणे नाही. माझं एक चंदेरी पानांचं असंच गेलं, आठ दिवस लग्नाला गेले होते तेवढ्यात. साधी हिरवी दोन शेजारी वाटून टाका, ती चिवट असतात.

नाव घरात काय हवं ते ठेवा. बिगोनिया हे नावच मुळी उपकाराच्या फेडीतून आलंय. शार्ल प्लुमिए नावाच्या फ्रेंच संन्याशानं सतराव्या शतकात कॅरिबियन बेटांवर झाडं अभ्यासली आणि मिशेल बेगाँ या आपल्या आश्रयदात्याचं नाव या झाडांना दिलं. गंमत म्हणजे पुढे प्लुमिएच्या नावानंही एक झाड झालं, आपला देवळापुढचा पांढरा चाफा, प्लुमेरिया. तुम्ही सासूबाईंचं नाव द्या, फक्त लेबलवर पेन्सिलनं लिहा. पेनाची शाई एका पावसात धुऊन जाते.

आमची मांजर बिगोनियाची पानं चावते. चालेल का? (देवळाली कॅम्प)

नाही. पानाची चव आंबट असते ती ऑक्झॅलिक आम्लामुळे. ईशान्येकडे काही जातींचे देठ आंबटपणासाठी खातात, पण मांजराच्या तोंडाला त्यानं आग होते, लाळ गळते, उलट्या होतात. कुंडी वर टांगा.

तुमच्याकडचं थोडं बी मिळेल का? (असं सतरा जणांनी विचारलंय)

सध्या नाही. गॅलरीत दोन बोंडं आहेत, दोरा बांधलेली, अजून पोपटी. पंख तपकिरी झाले की याच पानावर कळवीन. तेव्हा स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं कागदी पाकीट मासिकाच्या कार्यालयात पाठवा. आणि बी पोचल्यावर उघडण्याआधी वर बघा.